मेंदूतला नकाशा शोधायचा तर गणित सोडू नका

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. मेंदू रस्ते कसे लक्षात ठेवतो, यावर तिला संशोधन करायचं आहे. त्यासाठी आधी एमबीबीएस करावं लागेल का? नीटसाठी ती गणित सोडायचं म्हणतेय. – एक आई

उत्तर : ताई, एमबीबीएसची गरज नाही. याच विषयातल्या शोधासाठी २०१४ चं नोबेल मिळालेले जॉन ओकीफ, मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर तिघेही मानसशास्त्र शिकलेले. गणित मात्र अजिबात सोडू देऊ नका.

का, ते प्रयोगशाळेतल्या रोजच्या कामावरून कळेल. उंदराच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस या जागा आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागापर्यंत, केसाहून बारीक चार तारांचा पीळ उतरवतात आणि त्याला पेटीत मोकळं फिरू देतात. तो ठरावीक जागी आला की एखादी पेशी भराभर ठोके, म्हणजे विजेचे सूक्ष्म संकेत, देते. ही ‘प्लेस सेल’. पण उंदीर कोपऱ्यात जास्त वेळ बसतो, म्हणून तिथे ठोकेही जास्त मोजले जातात. पेटीच्या तळाच्या चौकटी पाडून प्रत्येक चौकटीतले ठोके तिथे घालवलेल्या सेकंदांनी भागले नाहीत, तर मुळात नसलेली प्लेस सेल कोपऱ्यात ‘सापडते’. शेजारच्या दोन पेशींचे ठोके एकत्र मोजले गेले, तर एकच पेशी दोन जागा ओळखते असं वाटतं. दिवसातले कितीतरी तास असा डेटा गणिताने निवडून वेगळा करण्यात जातात.

आता वाट. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएससाठी आयएटी ही त्यांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ६० प्रश्नांपैकी १५ गणिताचे. बारावीला गणित नसलं तरी परीक्षेला बसता येतं, पण पाव पेपर हातचा जातो. पुढे बंगळूरूची एनसीबीएस किंवा आयआयएससी, मुंबईची टीआयएफआर अशा संशोधन संस्थांत पीएचडी. त्याला साधारण पाच-सहा वर्षं धरा. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, म्हणजे खर्चाचा भार तुमच्यावर पडत नाही.

तिला एक गोष्ट नीट विचारा. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसला लागूनच असलेला एंटोरायनल कॉर्टेक्स हा मेंदूचा भाग फार लवकर बिघडतो, म्हणून ओळखीच्या गल्लीतही माणूस वाट चुकतो. अशा रुग्णांवर उपचार करायची तिची ओढ असेल, तर मात्र एमबीबीएस, एमडी मेडिसिन आणि न्यूरॉलॉजीत (मेंदूविकारशास्त्रात) डीएम ही त्यापुढची पदवी, हाच रस्ता आहे. तसं असलं तरी गणित-जीवशास्त्र दोन्ही ठेवून नीट देता येते. विषय बदलायची मुदत लवकर संपते, तेव्हा याच आठवड्यात कॉलेजात चौकशी करा. आणि सुट्टीत तिला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू द्या, असा डेटा हाताळायला ती लागतेच.