तीन वर्षांच्या मुलीसाठी फोंड्यात प्ले स्कूल चांगले की बालवाडी?

तुम्ही विचारले आहे की नवऱ्याच्या बदलीमुळे कोल्हापूरहून फोंड्याला येत आहात, दोघेही नोकरी करणार आहात, मुलगी येत्या जूनमध्ये तीन वर्षांची होईल, तर तिला इंग्रजी प्ले स्कूलमध्ये घालावे की बालवाडीत, आणि दिवसभराच्या पाळणाघरावर विश्वास ठेवावा का. मी गोव्यातील फोंडा तालुक्यात राहते, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते आणि माझी दोन मुले याच वाटेने गेली आहेत. माझे उत्तर थोडक्यात असे की संस्थेच्या प्रमुख बाईंना सावकाश भेटा. त्याआधी मुलांना शौचाला नेणाऱ्या मदतनीस बाईंशी बोला आणि स्वच्छतागृह डोळ्यांनी पाहा. हे विचित्र वाटेल, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मुलगा २०१२ चा. त्या वेळी प्रसूती रजा १२ आठवड्यांची होती. ती संपताच मी कामावर रुजू झाले आणि पहिली तीन वर्षे सासूबाईंनी त्याला सांभाळले. पुढे त्यांचे गुडघे धरले आणि नेमका त्याच सुमारास हा पठ्ठ्या कुळागरातल्या (घराजवळच्या नारळ-सुपारीच्या बागेतल्या) पाटाकडे धावायला लागला, तेव्हा त्याला कुठेतरी घालणे भाग पडले. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी शहरातील एक प्ले स्कूल सुचवले. शुल्क माझ्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याएवढे होते, परंतु संध्याकाळी साडेपाचपर्यंत मुलाला ठेवून घेण्याची सोय तिथेच होती. प्रमुख बाईंनी वीस मिनिटांत सगळे दाखवले: भिंतीवरचे हत्ती, मऊ फरशी, कॅमेरे, वातानुकूलित झोपेची खोली. स्वच्छतागृह दाखवले नाही आणि मीही विचारले नाही. कारखान्यात एखाद्या पुरवठादाराच्या पाहणीला गेले की मी सर्वांत आधी हात धुण्याची जागा बघते, आणि स्वतःच्या मुलाच्या वेळी मात्र हत्ती बघत बसले.

पहिले तीन आठवडे सगळे सुरळीत वाटले. तो रडत नव्हता, डबा बऱ्यापैकी संपवत होता. पाण्याची बाटली तेवढी भरलेली परत यायची. तिथे पाण्याचे शुद्धीकरण यंत्र होते, तेव्हा तो त्याचे पाणी पीत असेल असे मी गृहीत धरले, इतकेच नव्हे तर एकदा जाऊबाईंना कौतुकाने तसे सांगितलेसुद्धा. चौथ्या आठवड्यात ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, पोट मात्र घट्ट आणि लघवी करताना रडणे. डॉक्टरांनी लघवीची तपासणी करायला सांगितली, मूत्रमार्गाला संसर्ग निघाला. या वयाच्या मुलग्यांत हे मुलींच्या मानाने कमी दिसते, म्हणून त्यांनी सोनोग्राफीही करून घेतली. सुदैवाने ती स्वच्छ होती. मग त्यांनी विचारले, "शाळेत हा किती वेळा लघवीला जातो?" मला उत्तर देता आले नाही. आमच्या प्रयोगशाळेत एक वाक्य नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात: जे लिहिलेले नाही ते झालेलेच नाही. आणि इथे माझ्याकडे स्वतःच्या मुलाची एकही नोंद नव्हती.

तो बरा होऊन परत जाऊ लागला त्या सकाळी मी बाटली भरली आणि काचेवर खुणा करायच्या पेनाने पाण्याच्या पातळीवर बाहेरून एक रेघ ओढली. संध्याकाळी पाणी रेघेवरच होते. दुसऱ्या दिवशीही रेघेवरच. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याला मांडीवर घेऊन हळूच विचारले आणि त्याने आपल्या कोकणीत सरळ सांगून टाकले, "उदक पियेल्यार शू येता." पाणी प्यायले की शू येते, आणि शूला जायचे तर ते इंग्रजीत मागावे लागते, ते वाक्य त्याला येत नव्हते. तीन वर्षांच्या मुलाने त्यावर स्वतःपुरता उपाय शोधला होता, आणि तर्काने त्यात काहीही चूक नव्हती.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून प्रमुख बाईंना भेटायला गेले. त्यांनी नियम नाकारला नाही, उलट समजावून सांगितला: मुलांना सवय लागावी म्हणून पाणी आणि शौचालय या दोन गोष्टी इंग्रजीतच मागायला लावतो, दोन महिन्यांत सगळी शिकतात, दुसऱ्या कोणत्याही पालकाची तक्रार नाही. दोन महिन्यांत शिकत असतील यावर माझा विश्वास आहे. माझा प्रश्न त्या दोन महिन्यांचा होता आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. बाहेर पडताना मदतनीस बाई फाटकापाशी पुसणे पिळत उभ्या होत्या. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्या खालच्या आवाजात म्हणाल्या की त्यांना 'उदक' कळते, 'शू' तर कोणालाही कळते, पण मूल तसे बोलले तर लक्ष देऊ नका असे सांगून ठेवले आहे. मला वाटत होते की कोणाला तरी माझ्या मुलाची भाषा कळत नाही. इथे ती कळत असून न कळल्यासारखे करण्याचा पगार दिला जात होता. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला पाठवले नाही, आणि भरलेले शुल्क परत मिळाले नाही.

त्यानंतर तो आमच्या गावच्या बालवाडीत गेला. ती देवस्थानाच्या अग्रशाळेतील, म्हणजे देवळालगतच्या धर्मशाळेतील, एका खोलीत भरत असे. कौले दोन ठिकाणी गळत होती, तिथे पितळेची घंगाळी ठेवलेली असत आणि मुले थेंब मोजत असत. बावीस मुले, एक बाई, एक मदतनीस. भिंतीवर हत्ती नव्हता. परंतु दर तासाला मदतनीस बाई चार-चार मुलांना रांगेने मागच्या बाजूला नेत, कोणाला लागली आहे का हे न विचारता, सगळ्यांनाच. पहिल्या आठवड्यात बाटली निम्मी परत आली, दुसऱ्या आठवड्यात रिकामी.

बालवाडी बारा वाजता सुटायची, आणि माझी कंपनीची बस सहाला गावात यायची. मधले सहा तास शेजारच्या वाड्यावरील एक काकी सांभाळत. त्यांच्याकडे चार मुले होती. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितले, "दुपारी एक तास टीव्ही लावते, मागाहून बोलू नकोस." हा स्पष्टपणा मला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा आवडला. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने दोन आकडे लिहायच्या, किती वेळा शू आणि किती वाजता झोपला, आणि खाली एखादा शब्द: 'पेज', 'पडला', 'रडला नाही'. आमच्या कंपनीतील काही नोंदवह्यांपेक्षा ती पाने अधिक प्रामाणिक होती. तेव्हा पाळणाघरावर विश्वास ठेवावा का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की विश्वास ठेवू नका, नोंद मागा. जी बाई नोंद ठेवायला कुरकुर करणार नाही, तिच्यावर विश्वास आपोआप बसेल.

त्या वर्षीच्या चतुर्थीला मूळ घरी सगळे जमलेले असताना जाऊबाई म्हणाल्या, "आपल्या घराण्यातला पहिलाच मुलगा अग्रशाळेत शिकायला निघाला." मी नेवऱ्या तळत होते, कढई सोडून बोलता आले नाही. आता बोलते. प्ले स्कूलच्या पाटीवरील ज्या 'माँटेसरी' शब्दासाठी आपण तेवढे पैसे मोजले, तो शब्द पाटीवर लिहायला कोणाचीही परवानगी लागत नाही. इटलीच्या मारिया माँटेसरीबाईंच्या बालशिक्षणाच्या पद्धतीला आपल्या मातीत रुजवण्याचे काम शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी केले, आणि १९४५ मध्ये महाराष्ट्रातील बोर्डी गावी ताराबाई व अनुताई वाघ यांनी ते खेड्यातील मुलांपर्यंत नेले, तेही शंख, शिंपले, बिया, पाने अशा फुकट मिळणाऱ्या साहित्यावर. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडीची कल्पना तिथलीच. अंगणवाड्या ज्या योजनेखाली चालतात ती एकात्मिक बाल विकास योजना केंद्र सरकारने सुरू केली ती १९७५ मध्ये. तेव्हा अग्रशाळेतील ती खोली ही कमी दर्जाची जागा नव्हती, फक्त तिचे छप्पर गळत होते.

यावरून मी शिक्षणाच्या माध्यमाच्या वादात एका बाजूने बोलते आहे असे समजू नये. गोव्यात २०११ पासून पेटलेला तो वाद इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान द्यावे का याचा होता, आणि त्यात दोन्ही बाजूंनी इतके बोलून झाले आहे की मी भर घालणार नाही. तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी गाणी शिकवली तर माझी हरकत नाही. तहान आणि लघवी या दोन गोष्टी मात्र कोणत्याही भाषेच्या परीक्षेवर टांगू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे. तुमची मुलगी 'पाणी' म्हणेल आणि ते इथे सर्वांना कळेल, त्यामुळे तुम्हाला माझ्याइतका त्रास होणार नाही. तरी नियम काय आहे ते विचाराच.

नोकरीच्या ठिकाणी ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तर प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पाळणाघराची सोय देणे मालकावर बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. त्याच दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. रुजू होण्याआधी हे लेखी विचारा आणि ती खोली पाहा. एका ठिकाणी मला दाखवलेल्या अशा खोलीत गुलाबी भिंत होती, पाळणा होता, आणि पाळण्यात पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचलेले होते.

प्रत्यक्ष शोध घेताना वेळ ठरवून जाऊ नका, साडेदहा-अकराला, डबे उघडण्याच्या सुमारास जा. जूनमध्ये प्रवेश घ्यायचा म्हणून सगळे एप्रिलमध्ये कोरड्या अंगणात पाहणी करतात. इथे चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा त्या दिवसांत मुले कुठे खेळतात आणि ओले कपडे कुठे वाळतात हे विचारा. लिहिणे-वाचणे कधी सुरू होणार हा प्रश्न विचारूच नका. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत स्तर मानला आहे आणि गोव्यात तो २०२३-२४ पासून लागू झाला, म्हणजे पहिलीला तुमच्या मुलीला अजून तीन वर्षे आहेत. अंगणवाडी न पाहता बाद करू नका. वेळ तुम्हाला पुरणार नाही, पण तिथे मुलांचे वजन नियमित होते आणि आहार मिळतो, आणि काही ठिकाणच्या सेविका उत्तम असतात.

आता दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. सगळ्या बालवाड्या आमच्या बालवाडीसारख्या नसतात. शेजारच्या गावातील एकीत बाई मोबाइलवर आणि मुले दारात, असे मी स्वतः पाहिले आहे. माझा मुलगा पुढे मराठी प्राथमिक शाळेत गेला आणि पाचवीत माध्यम इंग्रजी झाले, तेव्हा पहिले सहा महिने त्याला विज्ञानाच्या तासाला काही कळत नसे; ते दिवस सोपे नव्हते, आणि जाऊबाईंनी ते मला ऐकवलेही. आणि माझी मुलगी, जी २०१९ ची आहे, ती बालवाडीत गेलीच नाही. तोपर्यंत काकींनी मुले सांभाळणे बंद केले होते, आणि संध्याकाळपर्यंत ठेवून घेणारे फोंड्यातील एक इंग्रजी प्ले स्कूलच आम्हाला सोयीचे होते. तिथल्या मदतनीस बाई मुलांशी दिवसभर कोकणीत बोलत. ते प्ले स्कूलही जाऊबाईंनीच सुचवले होते. स्वच्छतागृह मात्र या वेळी मी आधी पाहून आले.