‘फॅक्टर, सुरत’ म्हणजे कारखानदार नव्हे

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या एका घराण्याची वंशावळ मराठीत उतरवताना १६८२ च्या नोंदीत पूर्वजाच्या नावापुढे ‘फॅक्टर, सुरत’ असे सापडले. त्याला ‘कारखानदार’ म्हणावे का, आणि माणसाचा पुढचा माग कसा काढावा?

कारखानदार मुळीच नाही. मुळातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘करणारा’. त्यावरून दुसऱ्याच्या वतीने व्यवहार पाहणारा तो फॅक्टर. पोर्तुगीजांचा ‘फेइतोर’ही तोच. असे लोक जिथे राहून माल खरेदी करत, साठवत आणि जहाजावर चढवत, ती फॅक्टरी. आपल्याकडे तिला वखार म्हणत आणि तोच शब्द बरोबर आहे: राजापूरची इंग्रजांची वखार, वेंगुर्ल्याची वलंदेजांची (डचांची) वखार. ‘अडत्या’ अर्थाने जवळ येतो, पण अडत्या कमिशनवर दहा जणांचा माल विकतो. हा गडी ईस्ट इंडिया कंपनीचा पगारी नोकर. ‘गुमास्ता’ म्हणावे तर कंपनीच्या कागदांत तो शब्द इथल्या स्थानिक कारभाऱ्यांना लावलेला, म्हणजे पुन्हा घोटाळा. ‘कंपनीच्या वखारीतला फॅक्टर’ असेच लिहावे.

मात्र सुरतेच्या नोंदीतला फॅक्टर हा नुसता धंदा नव्हे, ती पायरी आहे. कंपनीत खालून वर रायटर (म्हणजे कारकून), फॅक्टर, ज्युनियर मर्चंट, सीनियर मर्चंट अशी चढण होती. रायटरकी साधारण ५ वर्षे, त्यापुढे फॅक्टर म्हणून ३, ज्युनियर मर्चंट म्हणून ३. तेव्हा १६८२ चा फॅक्टर रायटर म्हणून आला असेल तर बहुधा १६७७ च्या आधी किंवा सुमारास आला. थेट फॅक्टर म्हणून नेमलेलेही असत, म्हणून हा हिशेब शोधाची सुरुवात म्हणून धरावा, पुरावा म्हणून नव्हे. ‘मर्चंट’ दिसले की स्वतंत्र व्यापारी समजू नये. स्वतंत्र माणसाला ‘फ्री मर्चंट’ म्हणत.

कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. नेमणुकीसाठी संचालक मंडळाची इतिवृत्ते (मालिका ‘बी’), प्रत्यक्ष कामासाठी वखारींचे कागद (मालिका ‘जी’). सुरत वखारीच्या डायऱ्या मुंबईच्या पुराभिलेखागारातही आहेत. बरेच जण आधी बाप्तिस्मा-दफनाच्या नोंदींकडे धावतात. पण मुंबई इलाख्याच्या त्या नोंदी (एन/३) १७०९ पासूनच्या, आणि बाप्तिस्म्याचे दाखले जोडलेले रायटरांचे अर्ज (जे/१) १७४९ पासूनचे. १६८२ च्या माणसाला दोन्ही निरुपयोगी. त्याऐवजी मृत्युपत्र शोधावे: परदेशी वारलेल्यांची मृत्युपत्रे बहुधा कँटरबरीच्या धर्मपीठाच्या न्यायालयात शाबीत होत, आणि ती आज लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात ‘प्रॉब ११’ या मालिकेत आहेत. भावंडे, मूळ गाव, कर्जदार, सगळे एका कागदावर मिळण्याची शक्यता तिथेच जास्त.

तारखांनी भलेभले फसतात. १७५२ पर्यंत इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. पत्रावर ‘१४ जानेवारी १६८१’ असेल तर आपल्या हिशेबाने ते १६८२. हे न पाहिल्यास माणूस नेमणुकीआधीच सुरतेला पोचलेला दिसतो आणि एकाचे दोन पूर्वज होतात.

नावांचे स्पेलिंग त्याहून बेभरवशाचे. ऑक्झेंडन, ऑक्सिंडन एकच. आपली नावे तर ओळखूच येत नाहीत: १६७४ च्या शिवराज्याभिषेकाच्या वेळी कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन याच्याबरोबर रायगडावर गेलेला दुभाषी नारायण शेणवी इंग्रजी कागदांत ‘सिनाय’ झाला आहे. हा पोर्तुगीज वळणाचा उच्चार गोव्यात आडनाव म्हणून अजून चालतो. त्यामुळे त्या दप्तरात मराठी घराण्याचा माणूस शोधणाऱ्याने इंग्रजी आणि पोर्तुगीज, दोन्ही वळणांची स्पेलिंगे घेऊन बसावे.

राहिला एक अपवाद. घराणे स्कॉटिश असेल आणि ‘फॅक्टर’पुढे वखारीचे नाव नसेल, तर तो बहुधा जमीनदाराचा कारभारी, हिंदुस्थानात त्याला शोधू नये.