पहिला डबा कापण्याआधी
प्लॅस्टिकच्या पत्र्यातून रेल्वेच्या डब्याचं मॉडेल बनवताना सुरुवातीलाच रांगेने खिडक्या असलेला डबा घेऊ नकोस, सामानाचा घे. एचओ हे मॉडेल रेल्वेचं प्रमाण म्हणजे १:८७. खरा २० मीटरचा डबा त्यात साधारण २३० मिलिमीटर भरतो. प्लॅस्टिकचा पत्रा आरपार कापत बसू नकोस. स्टीलची पट्टी धरून दोन-तीनदा हलकी रेघ ओढ आणि वाकव, कट्‌कन तुटतो.

दोन थर एकमेकांवर चिकटवणार असशील तर आतल्या थराला आधी भोकं पाड. माझा पहिला डबा महिन्याभरात धनुष्यासारखा वाकला, कारण सॉल्व्हंटची (प्लॅस्टिक विरघळवून चिकटवणाऱ्या द्रवाची) वाफ आतच कोंडली होती! रंग देऊन झाला होता, तेव्हा जीव जास्तच हळहळला.

छप्पर बसवण्याआधी बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) लावून सगळ्यात तीव्र वळणावर फिरवून बघ. चाकं कुठे घासतात ते तिथेच कळतं. वजन मात्र तळाशीच ठेव.