‘की’ आधी की तंत्र?

प्रश्न : आयकिडो या जपानी युद्धकलेच्या वर्गात गुरुजी ‘की’, म्हणजे अंतर्गत ऊर्जा, जागवण्यावर भर देतात, मग तंत्राचा सराव दुय्यम मानावा का?

उत्तर : मुळीच नाही. ‘की’चेच एक उदाहरण घ्या. मूठ आवळून ताठ धरलेला हात जोडीदार कोपरात सहज वाकवतो; मात्र बोटे सैल सोडून, त्यांतून पाणी दूरवर वाहत असल्याची कल्पना केली, की तोच हात वाकता वाकत नाही. आवळलेल्या हातात दंडाचा पुढचा स्नायू नकळत जोडीदारालाच मदत करतो, तर सैल हातात मुख्यतः मागचा स्नायू काम करतो. म्हणूनच ‘की’ मला तंत्राचेच सूक्ष्म अंग वाटते. पाऊल चुकीच्या जागी पडल्यास कोणतीही कल्पना तोल सावरत नाही, हे कळकळीने सांगतो. तेव्हा आधी पदन्यास घोटावा, श्वासाकडे आणि ‘की’कडे त्यानंतर वळावे.