परिसर समितीचा पाठपुरावा: नोंदणीआधी काय करावे

कोथरूडमधील आपल्या गल्लीतील सोसायट्या आणि बंगले मिळून परिसर समिती स्थापन झाली, बैठका नियमित होतात, तरी तक्रारींची यादी वाढतच चालली आहे. तेव्हा समितीची रीतसर नोंदणी केल्यास महापालिका दाद देईल का, असा आपला प्रश्न आहे.

केवळ नोंदणीमुळे दाद मिळेल असे मला वाटत नाही. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान ७ सभासद असले की संस्था नोंदवता येते. परंतु महाराष्ट्रात अशा संस्थेची बहुधा सार्वजनिक न्यास म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते आणि त्यानंतर दरवर्षीचे लेखापरीक्षण, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज, हे सारे ओघाने येते. समितीच्या नावे बँकेत खाते उघडून वर्गणी जमवायची असेल, तर हा व्याप करावा. निव्वळ पाठपुराव्यासाठी बैठकीच्या ठरावाची प्रत जोडून पदाधिकाऱ्यांच्या सहीने दिलेले साधे निवेदन पुरते. मात्र त्याच्या स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, कारण पुढच्या प्रत्येक पत्राची सुरुवात त्या क्रमांकाच्या संदर्भानेच करायची असते.

माझ्या दृष्टीने खरी अडचण आपल्या निवेदनातच आहे. तुंबणारे पाणी, कोपऱ्यावरचा कचरा, रस्त्यावरचे पार्किंग आणि उत्सवातील ध्वनिक्षेपक हे सर्व विषय आपण आयुक्तांच्या नावे एकाच पत्रात लिहिले आहेत. असे पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते आणि ते संपूर्णपणे आपले आहे असे कोणत्याही खात्याला वाटत नाही. कचऱ्यासाठी क्षेत्रीय कार्यालयातील आरोग्य निरीक्षकांना भेटावे. त्यांच्याआधी त्या भागाच्या मुकादमाशी बोलल्यास निम्मे काम तिथेच होते. सार्वजनिक रस्त्यावरील पार्किंग वाहतूक पोलिसांकडे जाते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील ध्वनिक्षेपकाची तक्रार पोलीस ठाण्यात करावी, त्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. सोसायटीच्या आवारातील गाड्यांचा वाद मात्र समितीने अंगावर घेऊच नये. तो ज्या त्या सोसायटीच्या व्यवस्थापन समितीचा विषय आहे, आणि अशा वादांतच चांगल्या परिसर समित्या फुटतात.

उरला पावसाळी पाण्याचा प्रश्न, आणि आपली पहिली ताकद तिथेच लावावी असे मी सुचवेन. पाऊस पडत असतानाच दोघातिघांनी छत्र्या घेऊन गल्लीतून फिरावे. पाणी कोणत्या विजेच्या खांबापाशी साचते, जवळच्या चेंबरची जाळी मातीने बुजली आहे की चेंबरच रस्त्याच्या पातळीपेक्षा वर राहिले आहे, हे लिहून ठेवावे आणि तारखेसह छायाचित्रे काढावीत. बऱ्याच गल्ल्यांत दोष वाहिनीचा नसून डांबराचा असतो. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवत गेल्याने रस्ता उंच होतो आणि पाणी फाटकांतून आत शिरते. अशा ठिकाणी नवी वाहिनी मागितली, तर पैसा जाईल आणि पाणी तसेच राहील. म्हणून संबंधित कनिष्ठ अभियंत्यांना समक्ष पाहणीसाठी बोलवावे आणि पाहणीत जे ठरेल ते त्याच दिवशी पत्राने त्यांना कळवावे. तोंडी आश्वासन देणाऱ्याची बदली झाली की ते आश्वासनही त्याच्याबरोबर जाते.

यात महिन्याला फार महत्त्व आहे. जूनमध्ये केलेल्या तक्रारीवर फार तर जाळ्यांची सफाई होते, कारण वाहिनी टाकणे किंवा रस्त्याची पातळी सुधारणे यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागते आणि आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रकासाठी कामे सुचवण्याची सोय केली आहे. पदपथ, दिवे, बाके, पावसाळी वाहिन्या अशी लहान कामे त्यात सुचवता येतात. सूचना मागवल्याचे निवेदन वृत्तपत्रात येते आणि मुदत संपल्यावरच बहुतेकांच्या लक्षात येते. म्हणून पावसाळा सरता सरता एका सभासदाने क्षेत्रीय कार्यालयात त्याची चौकशी करत राहावे. अभियंत्यांचे पूर्वगणनपत्रक, म्हणजे आपण ज्याला एस्टिमेट म्हणतो ते, तोवर तयार असेल, तर आपली सूचना बाजूला सारणे कठीण होते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासकांचा कारभार सुरू झाला, त्या काळात ज्या गल्ल्यांकडे अशी कागदपत्रे होती, त्यांना निदान बोलायला आधार होता.

एवढे करूनही उत्तर आले नाही, तर माहितीचा अधिकार वापरावा. परंतु अर्ज समितीच्या नावे करू नये, कारण तो अधिकार कायद्याने नागरिकाला दिलेला आहे. एखाद्या सभासदाने स्वतःच्या नावाने, १० रुपये शुल्क भरून, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत अर्ज लिहावा. ‘काम का झाले नाही’ असे विचारू नये. ‘अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर आजवर झालेल्या कार्यवाहीची टिपणीसह प्रत द्यावी’ असे मागावे. ३० दिवसांत माहिती न आल्यास त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिले अपील करता येते, त्यामुळे ही तारीख समितीच्या इतिवृत्तात आधीच नोंदवून ठेवावी.