सा तोच, मग कॉर्ड कोणती?

प्रश्न : मी भावगीतांच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवतो. पांढरी एक पट्टी धरली, तर सा तीन कॉर्ड्समध्ये (एकत्र वाजवायच्या स्वरांच्या जुळणीत) सापडतो : सी मेजर (सा ग प), एफ मेजर (म ध सा) आणि ए मायनर (ध सा ग). तरी ‘ग रे सा’ अशी ओळ संपताना सीच बरी वाटते. बाकीच्या दोन वाजवल्या की ओळ अधांतरी राहते. स्वर जुळत असताना असं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या कानानं बरोबर ओळखलंय. स्वर जुळला म्हणजे कॉर्ड चालेल एवढंच ठरतं; ती तिथे काय काम करणार, हे आजूबाजूच्या कॉर्ड्सवरून ठरतं. मी वसईत चर्चच्या गायनमंडळाला ऑर्गनची साथ करतो, आणि नव्या मुलांना हेच सगळ्यात आधी ऐकवतो.

सप्तकातल्या सात स्वरांवर सात कॉर्ड्स उभ्या राहतात, पण मुख्य कामं तीनच. सी म्हणजे टॉनिक, मुक्काम. एफ म्हणजे सबडॉमिनंट, मुक्काम सोडून निघणं. जी (प नी रे) म्हणजे डॉमिनंट, परतायची ओढ. फ्रान्सच्या रामोनं १७२२ मध्ये या विचाराचा पाया घातला आणि जर्मनीच्या ह्युगो रीमाननं १८९३ मध्ये या तीन कामांची रीतसर मांडणी केली.

ही ओढ बोटांनी अनुभवा. म आणि त्याच्या वरचा नी एकत्र दाबून धरा. दोघांत तीन पूर्ण स्वरांचं अंतर आहे, आणि ते कानाला स्वस्थ बसू देत नाही. आता नी अर्धा स्वर वर सावर न्या, म अर्धा स्वर खाली गवर. सुटल्यासारखं वाटलं ना? जी सेवनमध्ये (प नी रे म) हे दोन्ही स्वर असतात.

म्हणून ‘ग रे सा’ला सी, जी सेवन, सी. शेवटी एफ दाबलीत, तर ज्या ‘म’नं ‘ग’वर उतरायचं तो जागचा हलतच नाही. ओळ लटकते ती त्यामुळे. ए मायनरमध्ये सा आणि ग दोन्ही मिळतात, पण पाया ध असतो, म्हणून समाधान अर्धवट. हे अर्धवटपण फार कामाचं आहे! ओळ दोनदा म्हणायची असेल, तर पहिल्यांदा ए मायनर द्या, दुसऱ्यांदा सी. श्रोता आपोआप पुढची ओळ ऐकायला थांबतो.

बाकीच्या कॉर्ड्स याच तीन कामांत वाटल्या जातात. डी मायनरचे (रे म ध) दोन स्वर एफचेच. शिवाय रे जीमध्येही असल्यामुळे जीच्या आधी ती मला एफपेक्षा जास्त आवडते. बी डिमिनिश्ड (नी रे म) म्हणजे प वगळलेली जी सेवन. ई मायनर (ग प नी) अर्धी सीची, अर्धी जीची. ती मी जपून वापरतो.

एफवरून थेट सीवर येण्याची चाल चर्चमध्ये ‘आमेन’ला ऐकू येते. म गवर आणि ध पवर उतरतो, सा तसाच राहतो. नी नसल्यामुळे ओढ कमी, म्हणून तो शेवट मऊ लागतो.

एक सांभाळा. गाणं कोमल ग, ध, नी घेणारं असेल, तर पंचमावरची कॉर्ड प, कोमल नी, रे अशी येते. कोमल नी सापासून पूर्ण स्वर दूर असतो, त्यामुळे ओढ ढिली पडते. अशा वेळी तेवढ्या कॉर्डपुरता शुद्ध नी घेतात. पण गायक त्याच क्षणी कोमल नीवर थांबलेला असेल, तर घेऊ नका. दोन्ही निषाद एकमेकांना टोचतील. तिथे नुसता सा आणि प धरा.