रिबनचं नंतर बघू, परड्या आल्या का ते सांग

अगं, तुझा मेसेज रात्री वाचला. १५० दिवाळी हॅम्परची ऑर्डर मिळाली म्हणून खरंच खूप छान वाटलं, पण तू विचारतेयस रिबन सोनेरी घेऊ की मरून. कुठलीही घे गं. परड्या कुणाला सांगितल्यास आणि त्या हातात घेऊन बघितल्यास का, ते मला आधी सांग.

पुण्यात बुरूड आळी आहे हे आपलं नशीब. पण तिथे गणपतीच्या आसपासच सांगून ठेवायचं, दिवाळी तोंडावर आली की सगळेच तिकडे पळतात. आणि पावसाळ्यात विणलेला बांबू वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो. मी हॅम्परच्या धंद्यात दुसऱ्या वर्षी ८० परड्या आणल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकल्या, महिन्याने काढल्या तर निम्म्यांना बुरशी, धुवून पुसून उन्हात ठेवून पण तो कुबट वास काही गेला नाही, सगळ्या फेकल्या. आता आणल्या की ४-५ दिवस कडक ऊन, मग पॅकिंगपर्यंत सुती चादर. प्लास्टिक नाहीच.

माप तोंडी सांगू नकोस, चिवड्याचा डबा, ड्रायफ्रूटचा बॉक्स, जे आत बसणारे ते सोबत घेऊन जा आणि त्यांच्यासमोर मांडून दाखव. भावासाठी फार घासाघीस नको, अर्धे पैसे आगाऊ, उरलेले माल उचलताना हातात. मला एकदा ऐन वसुबारसेला २० परड्या कमी पडल्या तेव्हा आळीतल्या माझ्या नेहमीच्या बुरूड काका-काकूंनी रात्री जागून विणून दिल्या, आदल्या ४ वर्षांत मी त्यांचा एक रुपया लटकवला नव्हता म्हणून.

ड्रायफ्रूट आधी भरून ठेवलंस तरी चालेल, फराळ मात्र सगळ्यात शेवटी. बचत गटाच्या ताईंना पॅकिंगच्या आदल्या दिवशीची तारीख दे, चकली सादळली की बाकी हॅम्पर कितीही सुंदर असू दे, लोकांना तेवढंच लक्षात राहतं. पाकिटावर बनवल्याची तारीख, घटक आणि एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, नंबर बघूनच माल घे. सुगंधी मेणबत्ती बेसन लाडवांशेजारी ठेवू नकोस, लाडवांना तोच वास लागतो.

जीएसटीचं पण बघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रायफ्रूट, चॉकलेट दोन्ही ५ टक्क्यांत आलेत, पण त्यात एक १८ टक्केवाली परफ्यूमची बाटली टाकून सगळ्याची मिळून एकच किंमत लावलीस तर तो मिक्स्ड सप्लाय होतो आणि पूर्ण हॅम्परला १८ टक्के लागतो. जीएसटी नंबर घेतला असशील तर परफ्यूम काढूनच टाक. आणि कंपनीवाले इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून, मिळेल का विचारतील, भेट म्हणून वाटलेल्या मालावर ते मिळत नाही, कोटेशन देतानाच स्पष्ट सांग, नंतर बिलावरून वाद नकोत.

कुरिअर करणार असशील तर आत्ताच हिशोब कर, ते खोक्याच्या आकारावरूनही वजन धरतात. ४० बाय ३० बाय २५ सेंटीमीटरचा खोका, गुणाकार ३०,०००, त्याला ५,००० ने भागलं की ६ किलो, म्हणजे आत माल २ किलोचा असला तरी ६ किलोचे पैसे लागतात. म्हणून बाहेरगावच्या ऑर्डरला मी उभी परडी देतच नाही, पसरट आणि बुटकी घेते.

ऑर्डर देणाऱ्या कंपनीकडून अॅडव्हान्स ५० टक्के घेतल्याशिवाय माल उचलू नकोस, ती कितीही मोठी असू दे. मला एकांनी दिवाळीचे पैसे होळीनंतर दिले होते आणि तोवर बुरुडांचे, बचत गटाचे पैसे मी घरातल्या एफडीतून भागवले, कारण त्यांची पण दिवाळी होती ना गं.

शनिवारी सकाळी ९ ला मोकळी आहेस का? आळीत बरोबर जाऊ, माझ्या त्या बुरूड काकांशी ओळख करून देते. येताना मोजपट्टी आण, आणि चिवड्याचा तो डबा.